सोसवेल तेवढेच बळ : तरफेच्या रायफली व त्यांची काडतुसे

वऱ्हाडातील जुन्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत पूर्वजांची ठेव म्हणून तीन वस्तू हमखास आढळत असत. पोथ्यांचे रुमाल, पूजेची तांब्यापितळेची भांडी आणि क्वचित् एखाद्या घरी सागवानी कपाटात कुलूपबंद ठेवलेली बंदूक. पोथ्या व भांडी ह्यांविषयी ह्या मासिकातून पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या वस्तूविषयी मात्र सुशिक्षित घरांतून एक तर भीती आढळते, नाही तर फाजील कौतुक. यथार्थ ज्ञान फारसे कोठे दिसत नाही. घरातील तरुणास विचारावे तर तो एवढेच पुसतो की, सर्वांत मोठी बंदूक कोणती? आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या ठिकाणी आरंभतो. कोणते काडतूस आपल्या खांद्याला सोसवते, आणि ते किती निरनिराळ्या कामांस पुरे पडते, हे दोन प्रश्न आधी विचारावयास हवेत. मोठ्या व्यासाच्या तरफेच्या रायफलींचे उदाहरण घेऊन त्या दोहोंचा विचार आज आम्ही योजिला आहे.

शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली, मग हा खटाटोप कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिला आमचे उत्तर असे. आमचे राजूर कोळशाच्या व चुनखडीच्या खाणींचे गाव. वणीपासून ते जवळच आहे, आणि ह्या वणीच्याच नावावरून आमचा सारा जिल्हा १९०५ पर्यंत ‘वूण’ म्हणून ओळखला जात असे. ह्या मुलखात रानडुकरे व रोही उभे पीक तुडवितात, आणि वाघाच्या पावलाची वार्ता कानी आली की शेतावर एकट्याने जाण्याची छाती होत नाही. अशा वेळी चावडीपासून माजघरापर्यंत सर्वत्र एकच चर्चा चालते, ती म्हणजे गोळी घालावी की न घालावी. ज्या वस्तूविषयी एवढ्या ठामपणे बोलावयाचे, तिचे शास्त्र थोडे तरी ठाऊक असावे, इतकाच आमचा हेतु आहे.

तरफेची रचना

तरफेच्या रायफलीत चापाभोवतीचे लोखंडी कडे हीच तरफ असते. ती खाली व पुढे ढकलली की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा मागे चढतो. ती परत वर ओढली की नवे काडतूस नळीत बसते. बंदूक खांद्यावरून न काढता हे सर्व होते. अमेरिकेत १८६० सालच्या हेन्री रायफलीपासून ही जात प्रसिद्धीस आली व पुढे विंचेस्टर आणि मार्लिन ह्या कारखान्यांनी ती वाढविली. जॉन ब्राउनिंग नावाच्या विलक्षण कारागिराने १८८६ साली विंचेस्टरसाठी अशी मजबूत रचना योजून दिली की मोठाली काडतुसेही तीत निर्वेधपणे चालू लागली.

ह्या जातीच्या बहुतेक रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक अशी ओळीने राहतात. पुढच्या काडतुसाच्या बुडाशी जी ठिणगीची टोपी असते, तिच्यावर मागच्या गोळीचे नाक टेकते. नाक अणकुचीदार असले तर धक्क्यासरशी टोपी फुटून बंदुकीतच स्फोट होण्याचे भय असते. म्हणून अशा रायफलींच्या गोळ्या चपट्या नाकाच्या करतात. चपटे नाक वारा कापीत नाही, त्यामुळे गोळीचा वेग लवकर उतरतो. ब्राउनिंगच्याच १८९५ सालच्या रायफलीत काडतुसे पेटीत एकावर एक ठेवण्याची सोय झाली व ही अडचण दूर झाली. पहिल्या महायुद्धात रशियाने ह्या १८९५ च्या बनावटीच्या तीन लाखांच्या जवळपास रायफली खरेदी केल्या, ह्यावरून तिच्यावरील विश्वास ध्यानी येईल.

धक्का म्हणजे काय ?

प्रत्येक क्रियेस तितकीच व उलट दिशेची प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा तिसरा नियम आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकविला. बंदुकीइतके त्याचे चोख उदाहरण दुसरे सापडणार नाही. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते. गोळीचे वजन व वेग ह्यांचा गुणाकार आणि बंदुकीचे वजन व तिच्या मागे येण्याचा वेग ह्यांचा गुणाकार, हे दोन्ही सारखे असावे लागतात.

विंचेस्टरच्या .४०५ ह्या काडतुसाचे उदाहरण घेऊ. त्याची गोळी ३०० ग्रेनांची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची. तिचा वेग सेकंदास २२०० फूट. बंदूक सव्वाआठ पौंडांची धरली, तर ७००० ग्रेनांचा एक पौंड ह्या हिशेबाने ती ५७७५० ग्रेन भरते, म्हणजे गोळीच्या सुमारे १९२ पट. तेव्हा केवळ गोळीमुळे बंदूक सेकंदास साडेअकरा फूट वेगाने मागे येईल. परंतु गोळीमागून दारूचा जळता वायूही नळीच्या तोंडातून प्रचंड वेगाने सुटतो. त्याचा भाग मिळवला म्हणजे हा वेग पंधरा फुटांच्या घरात जातो. ह्या वेगाच्या वर्गास बंदुकीच्या वजनाने गुणून ६४.४ ने भागले की धक्क्याची शक्ती फूट-पौंडांत निघते. येथे ती सुमारे ३० येते.

ह्या गणितातून एक तात्पर्य निघते, व ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावे. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या बंदुकीतून उडविले तर धक्क्याची शक्ती दुप्पट होते. हलकी बंदूक रानात वाहून नेण्यास सुखाची, परंतु चाप ओढण्याच्या क्षणी तीच वैरीण ठरते. शिवाय गणितातील धक्का व खांद्याला जाणवणारा धक्का ह्यांत अंतर असते. जुन्या विंचेस्टरच्या दस्त्यास चंद्रकोरीच्या आकाराची पोलादी पट्टी असे. तिची टोके खांद्यात रुततात, आणि तोच धक्का रुंद रबरी गादीवर निम्मा वाटतो. दस्ता नळीच्या रेषेपासून फार खाली उतरलेला असेल तर बंदूक मागे येता येता वर उसळते व गालफडावर आदळते.

काडतुसांचा ताळेबंद

आता प्रमुख काडतुसे तोलून पाहू. पुढील आकडे सामान्य वजनाची बंदूक धरून स्थूलमानाने काढले आहेत.

मापदंड म्हणून प्रथम लहान व्यासाचे .३०-३० घ्यावे. ते १८९५ साली निघाले. १७० ग्रेनांची गोळी, २२०० फूट वेग, आणि धक्का दहा-अकरा फूट-पौंड. हा धक्का कोणीही सशक्त माणूस हसत सोसतो. बारा बोरची साधी छऱ्याची बंदूक पंचवीसच्या आसपास धक्का देते. ज्यांनी ती उडविली आहे त्यांस पुढील आकड्यांचा अर्थ आपोआप कळेल.

.४५-७० हे ह्या कुळातील आजोबा होत. १८७३ साली अमेरिकेच्या लष्करासाठी ते तयार झाले. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा काळ्या दारूच्या ग्रेनांचा. ४०५ ग्रेनांची जड गोळी सेकंदास १३३० फुटांच्या बेताच्या वेगाने जाते व धक्का वीसच्या आत राहतो. परंतु अलीकडच्या पोलादी रायफलींसाठी ह्याच काडतुसाचे जे जलाल प्रकार निघतात, त्यांत तेवढ्याच वजनाची गोळी १९०० फुटांच्या वेगाने जाते. तेव्हा धक्का एकदम दुपटीवर, म्हणजे चाळीसच्या घरात पोहोचतो.

.४०५ विंचेस्टर १९०४ साली आले. धक्का तीसच्या आसपास, आणि गोळीचे बळ सव्वातीन हजार फूट-पौंड, म्हणजे जुन्या .४५-७० च्या दुप्पट. विंचेस्टरचेच .३४८ हे १९३६ सालचे काडतूस २०० ग्रेनांची गोळी २५०० फूट वेगाने फेकते व एकविसाच्या आसपास धक्क्यावर भागविते. .४४४ मार्लिन १९६४ सालचे. त्याची २४० ग्रेनांची गोळी २३५० फूट वेगाने निघते व धक्का पंचविसांवर थांबतो, म्हणजे बारा बोरइतकाच. मात्र ती गोळी मुळात पिस्तुलाच्या मंद वेगासाठी योजिलेली. एवढ्या वेगाने जाड कातड्याच्या जनावरावर आदळली की ती आत खोल शिरण्याआधीच पसरून जाते, हा तिच्यावरील जुना आक्षेप होय. शेवटचे .४५० मार्लिन २००० साली निघाले. ३५० ग्रेनांची गोळी, २१०० फूट वेग, आणि धक्का सदतिसांच्या जवळ.

बहूपयोगितेचा कस

आता दुसरा प्रश्न. एकच रायफल निरनिराळ्या कामांस किती उपयोगी पडते? निव्वळ बळाने पाहिले तर जलाल .४५-७० आणि .४०५ ह्यांत फारसा भेद नाही. परंतु जुने .४५-७० शंभर वारांवर नेम बसवून दोनशे वारांवर उडविले, तर गोळी दोन फुटांच्या आसपास खाली येते. .४०५ ची गोळी त्याच्या निम्म्याहूनही कमी उतरते. तेव्हा उघड्या माळावर .४०५ सरस, आणि दाट झुडपांत पन्नास पावलांवर दोन्ही सारखी.

उलट, .४५-७० ची खरी बहूपयोगिता त्याच्या सौम्य व जलाल अशा दोन्ही रूपांत आहे. शिकाऊ हातास सौम्य काडतूस द्यावे, आणि तीच बंदूक कसलेल्या हातात जलाल काडतुसाने मोठ्या जनावरासमोर उभी राहते. रागाचा जसा विलंबित व द्रुत दोन्ही लयींत विस्तार होतो, तसेच हे आहे. .४०५ ला अशी दोन रूपे क्वचितच मिळतात. त्याचा धक्का पहिल्या दिवसापासून पुरा.

परंतु ह्याच गुणाच्या पोटी एक भयंकर दोष दडलेला आहे. १८७३ सालच्या एकबारी लष्करी बंदुकीत, किंवा जुन्या मऊ पोलादाच्या रायफलीत, आजचे जलाल .४५-७० बेमालूम बसते. बसते म्हणून कोणी उडविले तर बंदूक फुटून उडविणाऱ्याच्याच डोळ्यांवर किंवा हातावर बेतते. नाव तेच, माप तेच, पण पोटातील दाब निराळा. म्हणूनच .४५० मार्लिन काढताना त्याच्या बुडाशी मुद्दाम एक पट्टा ठेवला, जेणेकरून ते जुन्या दुबळ्या बंदुकीत शिरूच नये. ज्या घरी आजोबांची रायफल आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. काडतूस बंदुकीत बसते, ह्याचा अर्थ ते तिला सोसते असा होत नाही.

दोन प्रसिद्ध हात

.४०५ चे नाव दोन माणसांमुळे जगभर झाले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेस गेले, तेव्हा सिंहासाठी ही १८९५ ची रायफल त्यांना रामबाण वाटली. तथापि हत्ती-गेंड्यांसारख्या जनावरांसाठी त्यांनी हॉलंडची दुनळी जड बंदूक आणि किरकोळ कामासाठी हलकी स्प्रिंगफील्ड, अशा दोन बंदुका जवळ ठेवल्याच होत्या. एका शस्त्राकडून सर्व कामे करून घेण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

दुसरे गृहस्थ बंगळूरचे केनेथ अँडरसन (१९१०-१९७४). दक्षिणेतील कित्येक नरभक्षक वाघ व बिबटे त्यांनी ह्याच .४०५ रायफलीने मारले आणि ते वृत्तांत ग्रंथरूपाने लिहिले. बरीच वर्षे एकाच रायफलीशी सहवास असल्यामुळे तिचा धक्का, तिची माशी, तिच्या तरफेचा खटका हे सर्व त्यांच्या अंगवळणी पडले होते. रात्रीच्या अंधारात, एका हाकेच्या अंतरावर वाघ असता, हाच सराव उपयोगी पडतो. काडतुसाच्या आकड्यांची पुस्तकातील सरशी तेथे कोणी मोजीत नाही.

.४०५ हिंदुस्थानात रुजण्यास आणखी एक कारण होते. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने येथील प्रजेस निःशस्त्र केलेच होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने .४५० व्यासाच्या काडतुसांसही बंदी केली. लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुका त्याच मापाच्या होत्या, व त्यांची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील अशी भीती सरकारास वाटली. त्या बंदीमुळेच विलायती कारखान्यांनी .४७० यांसारखी नवी मापे काढली. .४०५ त्या बंदीत सापडले नाही. शस्त्रांची लोकप्रियता केवळ त्यांच्या गुणांवर ठरत नसून राजकारणावरही ठरते, हे ह्यावरून दिसेल.

जिल्ह्याचा प्रश्न

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. टिपेश्वर अभयारण्याच्या बाहेर, पांढरकवडा-राळेगावच्या टापूत एका वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका आला. कागदोपत्री तिचे नाव टी-१, लोकांच्या तोंडी अवनी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २ नोव्हेंबर १९१८ नव्हे, तर अगदी आपल्या डोळ्यांदेखत, २०१८ सालच्या त्या तारखेच्या रात्री बोराटीच्या रानात तिला गोळी घातली गेली. मागे दोन बछडी राहिली. गोळी घालण्याआधी तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न नीट झाला की नाही, ह्यावर देशभर वाद माजला. एकीकडे ज्या घरांतील कर्ती माणसे गेली त्यांचा आक्रोश, दुसरीकडे एका मुक्या आईची हत्या. दोन्ही बाजूंचे दुःख खरे होते, आणि म्हणूनच तो वाद इतका कडवट झाला.

कायदा ह्याविषयी स्पष्ट आहे. वाघासारख्या प्राण्यास पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलविणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली, तरच मारण्याचा लेखी आदेश निघू शकतो. पिके नासविणाऱ्या रानडुकरांसारख्या प्राण्यांसाठीही अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागतेच. परंतु कायद्याने परवानगी दिली तरी शेवटी चाप ओढतो तो माणूसच. त्याला बंदुकीच्या धक्क्याचे भय असेल तर चाप ओढण्याच्या पळभर आधी त्याचे डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी झुकते, आणि गोळी वर्मी लागण्याऐवजी पोटात किंवा पायात लागते. जखमी डुक्कर किंवा जखमी वाघ रानात शिरला म्हणजे दुसऱ्या दिवशी सरपणास गेलेली बाई किंवा गुराखी पोर त्याच्या तावडीत सापडते. जड काडतुसाच्या हौसेची किंमत अशी तिसऱ्यानेच चुकवावी लागते. म्हणून आम्ही म्हणतो, चाळीस फूट-पौंडांचा धक्का देणारी बंदूक हाती घेऊन दचकणाऱ्यापेक्षा, वीस फूट-पौंडांची बंदूक स्थिर हाताने चालविणारा शतपटीने बरा.

आपल्या पूर्वजांस हे ठाऊक होते. धनुर्वेदाचे प्रकरण अग्निपुराणातही आले आहे, आणि शस्त्रविद्येत हत्याराइतकाच भर ते धरणाऱ्याच्या शिक्षणावर आहे. मनूने राजाच्या व्यसनांत मृगयेची गणना केली, ती उगाच नव्हे. आणि दशरथाची कथा तर प्रत्येक घरात आजी सांगते. त्याच्या बाणात बळ कमी नव्हते, नेमही चुकला नव्हता. त्याने लक्ष्य डोळ्यांनी पाहिले नव्हते, एवढीच उणीव होती. घागर भरण्याच्या आवाजावर बाण सुटला आणि एका आंधळ्या मातापित्यांचा आधार गेला. आजही रात्री शेतात काही खसफसले म्हणून गोळी सोडणारा मनुष्य तीच चूक करतो. कोणत्याही काडतुसाचा कोणताही गुण तिला उतारा नाही.

घरातील मंडळींस दोन शब्द

ज्यांच्या घरी वारसाने शस्त्र आले आहे त्यांनी ते कपाटात तसेच पडू देऊ नये. परवानाधारक वारला की शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, मग वारसाच्या नावे रीतसर परवान्याचा अर्ज करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनाहून अधिक बंदुका बाळगता येत नाहीत आणि परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. जुन्या विलायती रायफलीची काडतुसे मिळणे दुर्घट असते. त्यामुळे आपल्याकडे परवान्यावर बहुधा इच्छापूरच्या कारखान्याची .३१५ रायफल किंवा बारा बोरच दिसते, आणि पिकाच्या रक्षणास ती पुरेशी आहे. आजोबांची मोठी रायफल असेलच, तर जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्यावाचून तीत एकही काडतूस घालू नये. मुलांच्या हाती किल्ली लागू देऊ नये, आणि बंदूक व काडतुसे दोन निरनिराळ्या कुलुपांत ठेवावीत. हे काम घरातील वडीलधाऱ्या स्त्रीने आपल्याकडे घेतल्यास सर्वांत उत्तम, कारण किल्ल्यांचा जुडगा तिच्याइतका जागरूकपणे दुसरे कोणी सांभाळीत नाही.

शेवटी काडतुसांचा निवाडा मागणाऱ्या तरुणास आमचे उत्तर देऊन ठेवतो. पल्ला व बळ ह्यांत .४०५ श्रेष्ठ, सौम्य ते जलाल असा विस्तार पाहिला तर .४५-७० श्रेष्ठ, आणि धक्क्याच्या मानाने लाभ पाहिला तर .३४८ कोणाहून कमी नाही. परंतु ह्या साऱ्यांच्या आधी आपला खांदा, आपला सराव आणि आपला विवेक ह्यांचे वजन करावे. त्या तिघांना जेवढे सोसवेल, तेवढेच बळ हाती घ्यावे.